सिक्स बीटी ५.९, मेकॅनिकल पंप, बूस्ट वाढवलेला: हेड स्टड कुठले आणि गॅस्केट कुठलं?

ऊसगाडी_मोहोळ
इंजिन कमिन्स सिक्स बीटी ५.९, बारा व्हॉल्व्ह, इनलाइन पंप, टर्बो आणि इंटरकूलर. पंपाचं डिझेल वाढवलंय, टायमिंग थोडं पुढे आहे. बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) गेजवर पूर्वी १.६ बार दिसायचा, आता भरल्या गाडीला चढावर २.३ बार जातो.
लक्षणं: थंड इंजिन सुरू केलं की पाणी तापायच्या आधीच वरचा होज कडक होतो. रेडिएटरचं झाकण काढलं तर बुडबुडे. लोडवर ओव्हरफ्लो बाटलीतून कूलंट बाहेर पडतं. ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही.
गाळप सुरू व्हायच्या आत काम संपवायचंय. डोक्यात तीन पर्याय आहेत: (१) कंपनीचे नवे हेड बोल्ट, (२) अक्कलकोट रोड एमआयडीसीत ईएन२४ या मिश्र पोलादाचे स्टड (डोकं नसलेले, ब्लॉकमध्ये उभे बसवून वरून नटाने आवळायचे) लेथवर करून घेणं, (३) बाहेरून एआरपी या अमेरिकन कंपनीचे स्टड मागवणं. गॅस्केटमध्ये मूळचं कॉम्पोझिट (मऊ थराचं) की एमएलएस (नुसत्या पोलादी पत्र्यांच्या थरांचं), तेही सांगा. इंजिन शक्यतो चासीवरून उतरवायचं नाही.

सहा_सिलिंडर
स्टडचं नंतर बघू. हेड गॅस्केटच गेलंय हे नक्की केलंत का? तुमच्या गाडीला एअर ब्रेक आहे, म्हणजे इंजिनवर एअर कॉम्प्रेसर आहे आणि त्याचं हेड इंजिनच्याच पाण्यावर थंड होतं. त्या छोट्या हेडचं गॅस्केट फुटलं की टाकीत जायची हवा पाण्यात शिरते. होज कडक, बुडबुडे, पाणी बाहेर, सगळी लक्षणं तीच. इंजिनचं हेड उघडून, नवं पॅकिंग घालून, बुडबुडे तसेच राहिलेल्या गाड्या कमी नाहीत.
गाडी उभी, इंजिन आयडलच्या थोडं वर, झाकण उघडं ठेवा. हवेचा दाब भरत जाऊ द्या. टाकी भरल्यावर गव्हर्नर कट-आऊट होऊन (म्हणजे कॉम्प्रेसरचा लोड सुटून) फुस्स आवाज आला आणि त्याच क्षणी बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरचा. ब्रेक दाबून हवा काढा, पुन्हा लोड घेतल्यावर बुडबुडे सुरू होतात का पाहा. शंका उरली तर कॉम्प्रेसरचे पाण्याचे दोन्ही होज काढा, इंजिनच्या बाजूची तोंडं बंद करा, हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक उघडा ठेवा आणि इंजिन थोडाच वेळ चालवा. ड्रेन उघडा ठेवायचा तो कॉम्प्रेसरला दाब बांधावा लागू नये आणि पाण्याविना तो तापू नये म्हणून.
बुडबुडे तरीही असतील तर कुठल्या सिलिंडरचे ते शोधा. मेकॅनिकल पंप असल्यामुळे इंजेक्टरच्या पाइपची नट एकेक करून सैल करता येते. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर बुडबुडे मंदावतात, गळती तिथे.
कॉमन रेल इंजिनवर हा प्रयोग कुणीही करू नये. तिथे पाइपमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, धार कातडी फोडून आत जाते.

बोअरगाडी_अण्णा
वरच्याशी सहमत. निळ्या द्रावणाचा ब्लॉक टेस्टर असेल तर तोही लावा. ज्वलनाचा वायू असेल तर निळं द्रावण हिरवट किंवा पिवळं पडतं. पण डिझेलला आयडलवर नुसती हवा जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी, त्यामुळे रंग लवकर बदलत नाही. इंजिनला थोडा लोड देऊन तपासा. रंग नाही बदलला म्हणून गॅस्केट चांगलं असं धरू नका.
आणि पाणी कुठलं घालता? बोअरचं असेल तर स्टडवर पैसे घालण्याआधी ते बंद करा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटभोवती पाण्याच्या वाटा अरुंद असतात आणि खपली तिथेच आधी धरते. टेंपरेचर गेज नॉर्मल दाखवतं, पण त्या जागेचं लोखंड तापून फुगतं, हेड मधून वाकतं आणि गॅस्केट सैल होतं.

ऊसगाडी_मोहोळ
दोन्ही चाचण्या केल्या. कट-आऊटनंतरही बुडबुडे सुरूच. कॉम्प्रेसर बाजूला काढला तरी तेच. ३ नंबरचा पाइप सैल केल्यावर बरेच कमी होतात, ४ नंबरला थोडे. म्हणजे हेड उघडावंच लागणार. पाणी आतापर्यंत मिळेल ते होतं, हे खरं.

टॉर्क_पाना
मग आता आकडेमोड करू, म्हणजे कुठल्या बोल्टाने भागेल ते कळेल.
बोअर १०२ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ८१७१ चौ. मिमी. ज्वलनाचा सर्वोच्च दाब १५० बार धरला तर एका सिलिंडरमध्ये हेडला वर ढकलणारं बळ १२२ किलोन्यूटन, साधारण साडेबारा टन. १८० बार झाला तर १४७ किलोन्यूटन, १५ टन.
दाबून धरणारी बाजू: एम१२ × १.७५ चे २६ बोल्ट, दर्जा १०.९. आट्यांचं ताण घेणारं क्षेत्रफळ ८४.३ चौ. मिमी, प्रूफ लोड (बोल्ट कायमचा न लांबता सोसतो ते बळ) ७० किलोन्यूटन. कंपनीच्या पद्धतीने अँगल देऊन आवळलेला बोल्ट ६५ च्या आसपास ताण देतो असं धरा. २६ गुणिले ६५ भागिले ६, म्हणजे सिलिंडरमागे २८२ किलोन्यूटन. १५० बारला हे प्रमाण २.३ येतं, १८० ला १.९. यातलाच काही दाब पाण्याची आणि ऑइलची भोकं बंद ठेवायला खर्च होतो, राहिलेला फायर रिंगवर, म्हणजे गॅस्केटमधल्या सिलिंडरभोवतीच्या कड्यावर येतो.
तुमच्याकडे बूस्ट १.६ वरून २.३ झाला. वातावरणाचा १ बार धरून २.६ चे ३.३. म्हणजे डिझेल पेटायच्या आधीच कॉम्प्रेशनचा दाब सुमारे २७ टक्के जास्त. त्यावर टायमिंग पुढे, म्हणजे पिस्टन अजून वर येत असतानाच ज्वलनाचा आधीपेक्षा जास्त भाग उरकतो. खरा मार टायमिंगचा असतो. बूस्ट गेजवर दिसतो म्हणून सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात. टायमिंग मूळ जागेवर आणलं तरी निम्मं दुखणं कमी होईल असं माझं मत.
पर्याय १ आणि ३ मधला फरक: एआरपी२००० धातूच्या स्टडची ताणशक्ती २,२०,००० पीएसआय, म्हणजे १५०० मेगापास्कलच्या वर. १०.९ बोल्टची किमान १०४०. या इंजिनच्या एम१२ स्टडला त्यांच्याच ल्यूब्रिकंटसह १२५ फूट-पाउंड टॉर्क देतात. त्यातून प्रत्येकी ८५ किलोन्यूटनच्या आसपास ताण मिळतो. मग सिलिंडरमागे ३६८, आणि १८० बारलाही प्रमाण २.५ राहतं.

लेथ_एमआयडीसी
पर्याय २ बद्दल मी सांगतो, कारण हे काम घेऊन लोक आमच्याच दारात येतात. ईएन२४ धातू वाईट नाही. पण बाजारात टी अवस्थेतला (हीट ट्रीटमेंट करूनच आलेला) बार मिळतो, त्याची ताणशक्ती ८५० ते १००० मेगापास्कल. तुमचा मूळ १०.९ बोल्टच त्याच्यापेक्षा भारी. म्हणजे जास्त पैसे देऊन कमजोर वस्तू बसवणार.
कठीण करून घेतला तरी आटे लेथवर कापलेले. कापलेल्या आट्याच्या मुळाशी धातूचे तंतू तुटतात, भेग तिथूनच सुरू होते. चांगल्या स्टडचे आटे हीट ट्रीटमेंटनंतर रोल केलेले असतात, मुळाला गोलाई असते आणि तिथला धातू दाबलेला राहतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनमध्ये प्रत्येक स्टडवर मिनिटाला हजार वेळा ताण वाढतो-कमी होतो. तिथे हा फरक नावापुरता राहत नाही.
वर कुणी हौसेने झिंक प्लेटिंग करून आणतं. जितका कडक पोलाद, तितका प्लेटिंगच्या आम्लातला हायड्रोजन त्यात शिरून तो ठिसूळ होतो, आणि आवळून ठेवलेला स्टड उभ्या गाडीत तुटतो. बोल्टच्या दुकानातले १२.९ चे ॲलन बोल्टही हेडला नकोत. मानेची लांबी वेगळी, डोक्याचा घेर लहान, कास्ट आयर्नमध्ये रुततात आणि ताण उतरतो.
लेथवाला असून लेथचं काम नको सांगतोय, यातच समजा.

डिझेलप्रेमी_बार्शी
म्हणजे एआरपी सोडून काही घ्यायचंच नाही का? त्यांचेच एल१९ आणि ६२५+ धातूचे स्टड पण दिसतात ऑनलाइन.

टॉर्क_पाना
दोन्ही २,६०,००० पीएसआयच्या वर्गातले. एल१९ ला ओलावा आणि घाम चालत नाही, ताणाखाली गंजून चिरतो. रस्त्यावर चालणाऱ्या, पाणी लागणाऱ्या गाडीत तो घालू नये. कस्टम एज ६२५+ ला गंजाचा त्रास नाही, पण ते ट्रॅक्टर पुलिंगसारख्या शर्यतीच्या इंजिनांसाठी. उसाच्या गाडीला ते घालणं म्हणजे पैसे उधळणं.

बोअरगाडी_अण्णा
मी तर म्हणतो, २.३ बारलासुद्धा स्टड लागतातच असं नाही. कंपनीचे नवे बोल्ट, सरळ हेड, स्वच्छ पाणी, टायमिंग जागेवर, एवढ्यात हे इंजिन दिवसभर लोडवर चालतं. बोअरच्या गाडीवरचं कॉम्प्रेसर इंजिन पूर्ण लोडवर तासन्‌तास उभ्या जागी चालतं, वाऱ्याचा झोत नाही, वर मे महिन्यात ४३ अंश. तिथेही बोल्ट टिकतात, पण आधी कूलिंग नीट असावं लागतं.
स्टड मागवले तर कस्टम ड्युटी आणि वाट पाहणं आलं. सीझन तोंडावर आहे त्यांचा.

टॉर्क_पाना
अण्णा, तुमच्या कॉम्प्रेसर इंजिनचा पंप कुणी वाढवलेला नसतो. त्यांचा वाढवलाय आणि ते तो उतरवणार नाहीत, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. पंप जागेवर आणला तर बोल्ट पुरे. नाही आणला तर स्टड. माझं म्हणणं एवढंच.

सहा_सिलिंडर
कायद्याचंही एकदा लिहून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ निर्मात्याच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. पंप वाढवून धूर सोडणारी गाडी फिटनेसला अडकते ती वेगळीच. बीएस-सहा गाडीला तर असलं काही करायला जाऊच नका.

ऊसगाडी_मोहोळ
हेड उतरवलं. ३ आणि ४ च्या मधल्या पुलावर (दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवर) फायर रिंगवरून काळा कार्बनचा पट्टा पाण्याच्या भोकापर्यंत गेलेला. स्ट्रेट एज ठेवून फीलर घातलं: हेड मधोमध ०.१५ मिमी खोल. ब्लॉक सगळीकडे ०.०४ च्या आत. टायमिंग मूळ जागेवर आणतोय, पंपाचं निम्मं उतरवतोय. स्टड घ्यायचं ठरवलंय. आता गॅस्केटचं सांगा. दुकानदार म्हणतो, "एमएलएस घ्या, कायमचं काम होतं."

लेथ_एमआयडीसी
दुकानदाराला विचारा, तुमच्या ब्लॉकचा फेस कोण करणार आहे.
एमएलएस म्हणजे स्प्रिंग स्टीलच्या पातळ पत्र्यांचे थर, वर रबराचा पातळ लेप. ते ओरखडे भरून काढत नाही. त्याला फेस ५० मायक्रोइंच, म्हणजे १.२७ मायक्रॉन आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) किंवा त्याहून गुळगुळीत लागतो. बरेच जण ३० मायक्रोइंच मागतात. तेही दोन्ही बाजूंना, हेडलाही आणि ब्लॉकलाही. हेड आम्ही करून देऊ. ब्लॉक चासीवरच आहे, तो मशीनवर चढणार नाही. पॉलिश पेपर आणि सपाट दगडाने हाताने साफ केलेल्या जुन्या ब्लॉकवर एमएलएस घातलं तर कंप्रेशन धरेल, पण पाणी आणि ऑइल बारीक बारीक पाझरेल.
कॉम्पोझिटमध्ये मधे स्टीलचा पत्रा, दोन्ही बाजूंना ग्रॅफाइट किंवा फायबर, आणि सिलिंडरभोवती स्टीलची फायर रिंग. त्याचा मऊ थर फेसच्या खाचांत बसतो. त्याला ६० ते १०० मायक्रोइंच चालतं, अगदी आरशासारखा फेस उलट त्रास देतो, कारण गॅस्केटला धरायला काही राहत नाही. तुमच्या कामाला, ब्लॉक न उतरवता, कॉम्पोझिटच. पुढे कधी ब्लॉक उतरवून फेस केलात तर एमएलएसचा विचार करा. गॅस्केट फेस पाहून ठरवायचं, स्टड दाब पाहून. ब्रँड त्यानंतर.
हेड आणाल तेव्हा फेस करायच्या आधी क्रॅक टेस्ट. गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासतो, शिवाय व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या पुलावर भेग दाखवणारा रंग (डाय) मारतो. तापलेल्या हेडला भेग तिथेच जास्त सापडते. भेग असलेल्या हेडचा फेस करून कुणाचंच भलं होत नाही.

डिझेलप्रेमी_बार्शी
०.१५ काढायला हेडचा फेस खाली घेणार. मग व्हॉल्व्ह पिस्टनला लागणार नाही का? जाड गॅस्केट घालायचं का?

लेथ_एमआयडीसी
०.१५ वाक असेल तर कट साधारण ०.२० पर्यंत जातो. मॅन्युअलमधल्या हेडच्या किमान उंचीत बसतंय का, आधी मोजायचं. फेसनंतर व्हॉल्व्ह फेसच्या पातळीपासून किती खोल राहिले ते डेप्थ गेजने पाहायचं, कमी असेल तर सीट कापून खाली घ्यायची. इंजेक्टरचं टोकही तेवढंच बाहेर येतं, ते तांब्याच्या वॉशरच्या जाडीने जुळवायचं. वॉशर प्रत्येक वेळी नवेच.
जाड गॅस्केट हेडच्या फेससाठी नसतं. या हेडचा तळ सपाट आहे, ज्वलनकक्ष पिस्टनच्या वाटीत आहे, त्यामुळे हेड घासून कॉम्प्रेशन फारसं बदलत नाही. जाड गॅस्केट लागतं ब्लॉक घासला तर, कारण पिस्टन वर येतो. तेव्हा डायल गेजने सहाही पिस्टनची टॉप डेडला उंची मोजून गॅस्केट निवडायचं.

टॉर्क_पाना
जाडीचा हिशेब ज्याला हवा त्याच्यासाठी: एका सिलिंडरचं व्हॉल्यूम ९८० सीसी. १७.५ रेशो धरला तर टॉपला उरते ती जागा ५९.४ सीसी. गॅस्केट ०.२५ मिमी जाड झालं की २ सीसी वाढते, रेशो १७ च्या जवळ. ०.५० मिमीने १६.४. आपल्या हवेत एवढ्याने सकाळी गाडी सुरू व्हायला अडणार नाही, पण लोडशिवाय पांढरा धूर थोडा वाढेल. केवळ दाब कमी करायला जाड गॅस्केट घालू नका, पिस्टन आणि हेडमधली फट वाढून ज्वलन बिघडतं. टायमिंग मागे घेणं हा स्वस्त आणि बरोबर उपाय.

ऊसगाडी_मोहोळ
स्टड आले. बसवायची पद्धत सविस्तर सांगा. मिस्त्री चांगला आहे, पण त्याने आतापर्यंत बोल्टच बसवलेत. टॉर्क रेंच केजीएममध्ये (किलोग्रॅम-मीटर) आहे.

टॉर्क_पाना
लिहितो. लांब होईल, पण यातलं एकही गाळू नका.
आधी ब्लॉकचा फेस. जुन्या गॅस्केटचा थर प्लास्टिक किंवा धार नसलेल्या स्क्रेपरने काढा. ग्राइंडरला लावायची खरखरीत चकती, स्कॉच ब्राइटची पांढरी-तपकिरी फिरकी, अजिबात नको. तिची ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी बोअरमध्ये आणि ऑइलच्या वाटांत जाते आणि बेअरिंग खाते. खरवडताना सिलिंडर आणि पुशरॉडची भोकं कापडाने बंद ठेवा.
मग भोकं. २६ ही भोकांत थ्रेड चेझर फिरवा. साधा कापणारा टॅप नको, तो आट्याचा माल काढतो आणि पकड सैल होते. नंतर ब्रेक क्लीनर आणि हवा. भोकाच्या तळाला ऑइल किंवा पाणी राहिलं तर स्टड उतरताना ते दाबलं जातं आणि कास्ट आयर्न फुटतं. हवा मारताना डोळ्यांना चष्मा. ओढलेला आटा दिसला तर तिथेच थांबा, इन्सर्ट बसवून घ्या. जास्त टॉर्कवर कमजोर आटा तुमचं सगळं काम उपसून काढेल.
स्टड हाताने बसवायचा, तळाला टेकेपर्यंत, फार तर ॲलन कीने हलकासा. पान्याने ब्लॉकमध्ये आवळायचा नाही. एखादं भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडत असेल तर त्या स्टडच्या खालच्या आट्यांना थ्रेड सीलंट लावा.
गॅस्केट कोरडं आणि स्वच्छ. टॉप लिहिलेली बाजू वर, डॉवेलवर नीट बसलेलं. सिलिकॉन, ग्रीस, वार्निश, काही लावायचं नाही. लावलेला थर तापला की वितळतो आणि तेवढा ताण कमी होतो.
हेड ५० किलोच्या आसपास असतं. चेन ब्लॉक लावून सरळ उतरवा. स्टड उभे असताना तिरकं उतरवलं तर आटे फेस खरवडतात. चासीवर स्टडच्या उंचीइतकी जागा वर मोकळी आहे का, आधी पाहा. नसेल तर हेड ठेवून मग स्टड वरून घाला.

टॉर्क_पाना
पुढचं. वॉशरची चेंफर असलेली बाजू वर. ल्यूब्रिकंट स्टडच्या वरच्या आट्यांना, नटच्या तळाला आणि वॉशरच्या वरच्या बाजूला. पुडीत दिलेलंच वापरा. कारण टॉर्क म्हणजे ताण नव्हे, टॉर्कचा बराचसा भाग घर्षणात जातो. कोरड्या आट्याचा गुणांक ०.२० च्या आसपास, ऑइलला ०.१५, मॉलीला ०.१२. पाना तोच आकडा दाखवतो, पण कोरड्याऐवजी मॉली लावली की ताण दीडपटीच्या वर जातो.
टॉर्क तीन टप्प्यांत, मधल्या नटापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे, मॅन्युअलमधल्या क्रमाने: ५५, ११०, १७० न्यूटन-मीटर. तुमच्या रेंचवर ५.६, ११.२, १७.३ केजीएम. स्टडसोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो खरा.
शेवटचा टप्पा दिल्यावर क्रमाने सैल करून पुन्हा आवळा, असं काही वेळा करा. नव्या आट्यांचं घर्षण दर वेळी थोडं कमी होतं आणि मग स्थिरावतं. पहिल्याच वेळी सोडून दिलं तर २६ नटांवर २६ वेगळे ताण. रेंच सावकाश, एका झोक्यात ओढा. मध्ये थांबून पुन्हा ओढलं की सुरुवातीचं घर्षण जास्त असतं आणि क्लिक खोटी येते.
एककांचा घोटाळा सगळ्यात घातक. १२५ फूट-पाउंड म्हणजे १७० न्यूटन-मीटर. कुणी १२५ न्यूटन-मीटर समजून आवळलं तर ताण २६ टक्के कमी. कागदावर एकक गोल करून ठेवा.

सहा_सिलिंडर
एक भर. सहा लांब बोल्ट रॉकरच्या पेडेस्टलमधून (आधाराच्या ठोकळ्यातून) जातात. त्या जागचे स्टडही लांब असतात, अदलाबदल होऊ देऊ नका, आधी हेड शेजारी ठेवून मांडून पाहा. नटच्या वर दोन-तीन आटे दिसायला हवेत, आणि रॉकर कव्हर बसतं का तेही एकदा नुसतं ठेवून बघा. पुशरॉड खाली टॅपेटच्या खोबणीत बसल्याशिवाय पेडेस्टल आवळायचं नाही.
टॉर्कनंतर टॅपेट क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) थंड इंजिनवर: इनटेक ०.२५, एक्झॉस्ट ०.५१ मिमी.

डिझेलप्रेमी_बार्शी
माझ्या ओळखीत एकाने हेड न काढता एकेक बोल्ट काढून एकेक स्टड बसवला. चालतं?

टॉर्क_पाना
बारा व्हॉल्व्हच्या या इंजिनवर चालतं, गॅस्केट धड असेल तरच. एका वेळी एकच बोल्ट काढायचा, भोक साफ करायचं, स्टड घालून मूळ बोल्टच्या ताणाजवळ आवळायचा, मग पुढचा. सगळे झाल्यावर पूर्ण क्रमाने शेवटचा टॉर्क. अडचण अशी की हेड जागेवरच असताना भोकाच्या तळाचं ऑइल पूर्ण निघत नाही. आणि गॅस्केट एकदा फुंकलेलं असेल तर वरून कितीही दाबा, काळी वाट बंद होत नाही.

कंपनी_बोल्टवाला
स्टड न घेणाऱ्यांसाठी मूळ बोल्टची पद्धत पण असू द्या इथे: आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइल, सगळे ९० न्यूटन-मीटर, मग सहा लांब बोल्ट १२० न्यूटन-मीटर, मग सगळे ९० अंश फिरवायचे. डोक्यावर खडूने खूण केली की अंश चुकत नाहीत. जुने बोल्ट पुन्हा वापरायचे तर लांबी मोजा, मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा लांबलेला बोल्ट भंगारात. डोक्यावर १०.९ आणि बनवणाऱ्याची खूण दोन्ही पाहिजेत.

ऊसगाडी_मोहोळ
नुसती खूण पाहून खरं-खोटं कळतं का? नकली माल सगळीकडे आहे.

लेथ_एमआयडीसी
नाही कळत. एक बोल्ट हार्डनेस टेस्टरवर ठेवा, डोक्याच्या बाजूला थोडा फेस करून. १०.९ चा रॉकवेल सी ३२ ते ३९ मध्ये यायला हवा. १२.९ चा ३९ ते ४४. २५ आला तर अख्खा सेट परत. हीट ट्रीटमेंट करणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये हे यंत्र असतं, काही मिनिटांचं काम.

बोअरगाडी_अण्णा
गरम करून री-टॉर्कचं काय? आमच्याकडे सगळे करतात. तुमच्यासारखे शिकलेले नको म्हणतात.

टॉर्क_पाना
अँगल दिलेल्या बोल्टला नको, तो आधीच ताणाच्या टोकाला आहे. एमएलएसला सहसा लागत नाही. कॉम्पोझिट आणि स्टड या जोडीला करा, पण गरम इंजिनवर नाही. इंजिन चालवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवा, बंद करा, रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी क्रमाने एकच नट पाव फेरा सैल करून पुन्हा १७० ला आणा, मग पुढचा. सैल न करता नुसती क्लिक तपासली तर चिकटलेलं घर्षणच मोजलं जातं, आणि "टॉर्क आहे" असं वाटतं. री-टॉर्क झालं की टॅपेट पुन्हा बघा.

बोअरगाडी_अण्णा
हे पटलं. गरम असताना आवळणारे बरेच आहेत बे इकडे. हेड आणि स्टड वेगवेगळे तापलेले असतात तेव्हा, आकड्याला अर्थच राहत नाही.
बंद करताना एवढं करा: रेडिएटर रॉडिंग (नळ्या सळईने साफ करणं), नवं झाकण, नवा थर्मोस्टॅट, डिमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं कूलंट. भरताना हेडच्या वरच्या प्लगमधून हवा काढा, नाहीतर हवेचा फुगा नेमका मागच्या सिलिंडरवर अडकतो. आणि पायरोमीटर बसवा. टर्बोच्या आधी ७०० अंशांच्या वर धुराचं तापमान सतत राहिलं तर गियर खाली घ्या. तुळजापूरच्या घाटात भरल्या गाडीला हे सहज होतं. चढ संपला की लगेच इंजिन बंद करू नका, टर्बो थंड होऊ द्या.

नवा_मेंबर_अकलूज
माझी बीएस-सहा गाडी, तीच लक्षणं. हेच सगळं करू का?

सहा_सिलिंडर
नाही. तुमच्यात इजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा एक्झॉस्टचा वायू पाण्याने थंड करणारा) आहे का ते पाहा. तो आतून फुटला तरी एक्झॉस्टचा वायू पाण्यात येतो आणि होज कडक होतो. कूलरची पाण्याची बाजू दाबाने तपासा, मग एअर कॉम्प्रेसर, आणि हेड सगळ्यात शेवटी. पाइप सैल करून सिलिंडर शोधायचा नाही, स्कॅनरने इंजेक्टर एकेक बंद करा. हेडच निघालं तर कंपनीचे बोल्ट आणि कंपनीचंच गॅस्केट.

ऊसगाडी_मोहोळ
हेड क्रॅक टेस्टमध्ये पास झालं, फेस ०.१८ घेतला, व्हॉल्व्ह सीट खाली घेतल्या. कॉम्पोझिट गॅस्केट, स्टड १७.३ केजीएम. थंड री-टॉर्कला ९ नट थोडे पुढे सरकले, बहुतेक मधले. भरल्या गाडीला बूस्ट आता १.९. होज मऊ, बाटलीची पातळी जागेवर. फक्त २ नंबरच्या रॉकर कव्हरला स्टडची नट घासते, काय करू?

सहा_सिलिंडर
कव्हर घासू नका, पातळ होऊन तडकेल. कव्हरखाली दोन पॅकिंग घाला, कव्हरचा बोल्ट तेवढाच लांब घ्या. नट घासल्याची खूण कव्हरच्या आत रंग लावून तपासा, पुन्हा उमटली नाही म्हणजे झालं.